टीबी बरा झाला, मग खोकला कशाचा?



टीबीची माहिती आता वस्त्यावस्त्यांत पोहोचली आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, हे आशाताई दारात येऊन सांगतात. पण टीबीचा कोर्स पूर्ण झाला, डॉक्टरांनी 'बरे झालात' म्हणून सांगितले, आणि दोन-चार वर्षांनी खोकला पुन्हा सुरू झाला तर काय समजायचे, हे फारसे कोणी सांगत नाही. बहुतेक घरांत त्याचा एकच अर्थ लावला जातो : टीबी उलटला. कधी कधी ते खरेही असते. पण नेहमी नाही. टीबीने पोखरलेल्या फुप्फुसात बुरशी वाढूनही असाच खोकला येतो, असेच वजन उतरते आणि असेच थुंकीतून रक्त पडते. दुखणे टीबीसारखे दिसते, पण टीबीच्या गोळ्यांनी ते बरे होत नाही.

आमच्या पिंगळीच्या घरात आमचे थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, या दुखण्यातून गेले आणि बरे झाले. त्या दोन-अडीच वर्षांत आम्ही जे शिकलो, ते इतर घरांच्या उपयोगी पडावे म्हणून या पानावर मांडत आहोत.

ही बुरशी कोणती?

शिळ्या भाकरीवर, ओल्या कडब्यावर, भिजलेल्या सोयाबीनच्या पोत्यात जी हिरवट-करडी बुरशी धरते, तिच्या अनेक जाती आहेत. त्यांतल्या एका कुळाचे नाव अ‍ॅस्परजिलस. मिचेली नावाच्या इटालियन धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ मध्ये हे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याच्या साधनासारखी दिसली, त्यावरून हे नाव पडले. माणसाच्या छातीत बहुतेक वेळा सापडणारी जात म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस.

तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, म्हणजे मिलिमीटरचा साधारण चारशेवा भाग. ते हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. आपण सगळेच रोज असे शेकडो बीजाणू आत घेतो. निरोगी माणसाच्या शरीरातल्या पेशी त्यांना तिथेच संपवतात, म्हणून काही होत नाही. या बुरशीचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे. तिला उष्णता मानवते. उकिरड्यात, कंपोस्टच्या खड्ड्यात हात घातला तर चटका बसतो, तिथेही ती वाढते. मग माणसाच्या अंगाची ३७ अंशांची ऊब तिला काय जड जाणार?

शेतात, गोठ्यात, मळणीयंत्रावर आणि धान्याच्या गोदामात राबणाऱ्यांच्या वाट्याला ही धूळ जास्त येते. हे जुनेच आहे. १८९० च्या सुमारास पॅरिसमध्ये कबुतरांना खाऊ घालणारे कामगार होते. धान्य स्वतःच्या तोंडात घेऊन ते पक्ष्यांच्या चोचीत भरवायचे. त्यांना टीबीसारखे दुखणे व्हायचे, आणि तपासल्यावर छातीत हीच बुरशी सापडली. पोटासाठी धूळ गिळणाऱ्या माणसाचे हे दुखणे आहे, हे तेव्हाच दिसून आले होते.

टीबीने केलेली पोकळी

टीबीचे जंतू फुप्फुसाचा भाग खाऊन टाकतात. औषधाने जंतू मरतात, पण खाल्लेला भाग नेहमीच भरून येत नाही. काहींच्या फुप्फुसात, बहुधा वरच्या भागात, पोकळी उरते. तिथे रक्तपुरवठा नीट नसतो, आणि बीजाणू मारणाऱ्या पेशी पुरेशा पोहोचत नाहीत. श्वासाबरोबर आलेला बीजाणू तिथे रुजतो. पोकळीच्या भिंतीवर बुरशी वाढते, भिंत जाड होते, आणि कधी कधी बुरशीच्या धाग्यांचा गोळाच आत तयार होतो. १८४२ मध्ये एडिंबरोच्या बेनेट नावाच्या डॉक्टरांनी क्षयाच्या रुग्णाच्या फुप्फुसात बुरशी सापडल्याचे लिहून ठेवले. म्हणजे ही जोडी पावणेदोनशे वर्षांपेक्षा जास्त काळ माहीत आहे.

ती किती जणांत दिसते? १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ५४४ जणांची पाहणी झाली. टीबीनंतर या सर्वांच्या फुप्फुसात अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी उरली होती. त्यांतल्या चौथा हिस्सा लोकांच्या रक्तात या बुरशीविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या, आणि ११ टक्के लोकांच्या छातीत बुरशीचा गोळा दिसला. तीन वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा हे आकडे ३४ आणि १७ टक्के झाले होते. आपल्या देशातील तज्ज्ञांनी २०१४ मध्ये अंदाज बांधला, की भारतात दर वर्षी २७ हजार ते १ लाख ७० हजार लोकांना टीबीनंतरचे हे जुनाट बुरशीचे दुखणे जडत असावे. अंदाजातला हा मोठा फरकच सांगतो की यांतल्या अनेकांची तपासणी होतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी काढली. तिच्या सर्वांत वरच्या गटात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसचे नाव आहे.

२०२१ मध्ये करोनानंतर 'काळी बुरशी' आली होती, ती वेगळी. तिचे नाव म्युकरमायकोसिस. ती दिवसांत पसरते, आणि त्या काळात तिने मुख्यतः नाक, डोळे, जबडा धरला. आपण बोलतो आहोत ती महिनोन् महिने हळूहळू फुप्फुस खाणारी बुरशी आहे. हळू आहे म्हणूनच ती नजरेतून सुटते.

आबांचे दुखणे

पिंगळी हे परभणी आणि पूर्णा यांच्या मधले स्टेशन. शेती कापसाची, सोयाबीनची, तुरीची, ज्वारीची. आबा मजुरी करायचे, आणि हंगामात सोयाबीनच्या मळणीयंत्रावर दिवसाला बारा-बारा तास उभे राहायचे. २०१७ मध्ये त्यांना टीबी झाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, एकही दिवस चुकवला नाही, आणि ते बरे झाले. पुढच्याच हंगामात पुन्हा यंत्रावर गेले.

२०२१ च्या दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. ताप नव्हता. पण अंगात शक्ती राहीना. घरापासून स्टेशनपर्यंत चालताना दोनदा बसावे लागे. ५६ किलोचे वजन तीन महिन्यांत ४५ वर आले. मग एके सकाळी बेडक्यात रक्ताची रेघ दिसली. एका दवाखान्यात जुना एक्सरे आणि नवा एक्सरे पाहून टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. थुंकीत जंतू सापडला नव्हता. तीन महिने गोळ्या घेऊनही वजन वाढले नाही आणि रक्त थांबले नाही.

घरात त्या दिवसांत काय चालले होते, तेही सांगायला हवे. आबांनी आपले ताट, तांब्या, वाटी स्वतःहून बाजूला काढली. नातवाला जवळ येऊ देईनात. जेवायला ओसरीच्या कोपऱ्यात बसत. वेगळ्या भांड्याचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. आबांच्या पिढीने तो भोगलेला आहे. तेच भांडे आपल्याच घरात त्यांनी स्वतःसाठी मांडले होते.

पुढे शासकीय रुग्णालयातील छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला : "टीबीचा जंतू या वेळी सापडला का?" थुंकी पुन्हा सीबीनॅटला गेली, कल्चरला गेली. दोन्हींत जंतू नव्हता. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जाड भिंतीची पोकळी आणि तिच्यात गोळा दिसला. रक्तातील अ‍ॅस्परजिलस आयजीजी अँटिबॉडी वाढलेली निघाली. सात महिन्यांनी दुखण्याला नाव मिळाले.

डॉक्टरांनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली : ही बुरशी एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. ती हवेतून, धुळीतून येते, खोकल्यातून नाही. त्या संध्याकाळी आबांचे ताट सगळ्यांच्या पंक्तीत आले.

कोणत्या तपासण्या विचाराव्यात?

पूर्वी टीबी झालेल्या माणसाला तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ खोकला, वजनात घट, थकवा, धाप किंवा थुंकीत रक्त असेल, तर डॉक्टरांशी पुढील क्रमाने बोलावे.

१. सर्वांत आधी टीबीच आहे का, हे पाहावे. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. टीबी पूर्वी होऊन गेला असेल, तर मेलेल्या जंतूंच्या अंशामुळेही ही तपासणी कधी कधी पॉझिटिव्ह येते. म्हणून कल्चरही करायला सांगावे. टीबी नाही, हे स्पष्ट होईपर्यंत खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि खोली हवेशीर ठेवावी.

२. छातीचा सीटी स्कॅन. साध्या एक्सरेमध्ये जुना डाग आणि नवी वाढ यांतला फरक ओळखणे कठीण असते. पूर्वीचे सगळे एक्सरे बरोबर न्यावेत. पोकळी वाढते आहे की तशीच आहे, हे जुन्या फोटोवरूनच कळते.

३. रक्तातील अ‍ॅस्परजिलस आयजीजी अँटिबॉडी. या निदानात ही तपासणी फार महत्त्वाची आहे. थुंकीत बुरशी सापडली नाही तरी ही अँटिबॉडी सापडू शकते.

४. साखर आणि एचआयव्ही तपासून घ्यावे. दोन्हींचा उपचारावर परिणाम होतो.

नुसत्या एका तपासणीवर निदान ठरत नाही. लक्षणे, सीटी आणि रक्त या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

औषध आणि त्याची शिस्त

या दुखण्यावर पहिले औषध बहुधा इट्राकोनॅझोल देतात. ते काम करते का, हे आपल्याच देशात तपासले गेले. चंडीगडच्या पीजीआय संस्थेने २०१३ मध्ये ३१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषध घेणाऱ्या १७ जणांपैकी १३ जणांना सहा महिन्यांत फरक पडला. औषधाविना नुसती काळजी घेतलेल्या १४ जणांपैकी ५ जणांनाच पडला. पुढे त्याच संस्थेने १६४ रुग्णांत सहा महिने आणि बारा महिने अशी तुलना केली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला : सहा महिन्यांत औषध थांबवलेल्यांपैकी ३८ टक्के लोकांचे दुखणे दोन वर्षांत उलटले, बारा महिने घेतलेल्यांपैकी १० टक्के लोकांचे.

हा आकडा घरात सर्वांना माहीत असावा. कारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रुग्णाला बरे वाटते, मजुरी खुणावते, गोळ्यांचा खर्च डोळ्यांपुढे येतो, आणि 'आता बास' असे वाटते. आबांनाही वाटले. वजन ४९ झाले होते, सोयाबीनची काढणी तोंडावर होती. तेव्हा घरातल्या लेकींनी हिशेब त्यांच्यापुढे ठेवला : आज थांबलात तर दहातल्या जवळपास चार जणांत तुमचा नंबर लागू शकतो, वर्ष पुरे केले तर दहातल्या एकात. आबांना शाळा चौथीपर्यंतचीच, पण हा हिशेब त्यांना लगेच कळला.

औषधाचे काही नियम आम्ही भिंतीवर कागद लावून पाळले :

कॅप्सूल उपाशीपोटी घेऊ नये, जेवणानंतर लगेच घ्यावी. पोटात आम्ल असल्याशिवाय ती नीट शोषली जात नाही. म्हणून पित्ताच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बरोबर घेऊ नयेत.

टीबीचे रिफॅम्पिसिन आणि इट्राकोनॅझोल एकत्र चालत नाहीत. रिफॅम्पिसिनमुळे बुरशीच्या औषधाचे रक्तातले प्रमाण इतके उतरते की ते घेतले काय आणि न घेतले काय, सारखेच. रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही त्याचा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे 'दोन्ही चालू ठेवू, काहीतरी लागू पडेल' हा विचार घातक आहे.

दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्या सगळ्या पाकिटांसह डॉक्टरांना दाखवाव्यात. कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या, झोपेच्या काही गोळ्यांशी या औषधाचे जमत नाही. दम्याच्या पंपात बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन असेल, तर त्याचाही शरीरावरचा परिणाम वाढतो.

पाय सुजणे, धाप वाढणे, डोळे पिवळे होणे, भूक मरणे यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. यकृताची रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी. हृदय कमजोर असलेल्यांनी ते आधीच सांगावे.

दम लागला म्हणून गावात झटपट आराम देणारी गोळी किंवा इंजेक्शन मिळते. त्यात अनेकदा स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, पण शरीराची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. या दुखण्यात असे इंजेक्शन घेऊ नये.

इट्राकोनॅझोल सोसले नाही किंवा लागू पडले नाही, तर व्होरिकोनॅझोलसारखी दुसरी औषधे आहेत. व्होरिकोनॅझोल चालू असताना ऊन बाधते, म्हणून उन्हात काम करणाऱ्याने डोके-हात झाकावेत. गोळा एकाच जागी असेल आणि बाकीचे फुप्फुस चांगले असेल, तर शस्त्रक्रियेचाही विचार होतो.

शेतीशी जोडलेली एक गोष्टही इथे नोंदवू. पिकांवरील बुरशीसाठी फवारली जाणारी टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही औषधे इट्राकोनॅझोलच्याच कुळातली आहेत. सतत वापराने मातीतली बुरशी या कुळाला दाद देईनाशी होते, आणि तीच पुढे छातीत गेली तर गोळीही चालत नाही. अशा बुरशीचे नमुने भारताच्या मातीतही सापडले आहेत. गरज नसताना फवारणी करू नये, हे म्हणून आरोग्याचेही सूत्र आहे.

घराने काय करावे?

हे दुखणे गोळीने बरे होते, पण वर्षभर गोळी पोटात जावी, अन्न अंगी लागावे आणि धूळ दूर राहावी, हे काम घराचे आहे.

अन्न : आबांना दिवसातून दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, वरण किंवा उसळ, आणि भूक कमी म्हणून थोडे थोडे चार-पाच वेळा. महागडे डबे आणले नाहीत. दर रविवारी वजन करून वहीत लिहिले. डॉक्टरांनी दर भेटीत आधी ती वहीच मागितली.

धूळ : मळणीयंत्र, कडब्याची गंजी, भुसा, कोंबड्यांचे खत, उकिरडा उपसणे, ओलसर धान्य चाळणे ही कामे रुग्णाकडे देऊ नयेत. झाडण्याआधी पाणी शिंपडावे. बुरशी धरलेला कडबा झटकू नये. धान्य पूर्ण वाळवूनच कोठीत भरावे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणे इतके बारीक बीजाणू अडवत नाही. धुळीत जावेच लागले तर नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या निरोगी तरुणांनाही हे लागू आहे. मालकाकडे मास्क मागण्यात लाज नाही.

धूर : बिडी, तंबाखूची मशेरी, चुलीचा धूर बंद. आबांची बिडी सुटायला औषधापेक्षा जास्त दिवस लागले, पण सुटली.

श्वास : डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ श्वासाचे व्यायाम, आणि रोज थोडे जास्त चालणे. पहिल्या महिन्यात गल्लीच्या टोकापर्यंत, सहाव्या महिन्यात स्टेशनपर्यंत न थांबता.

रक्त पडले तर

थुंकीत रेघ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. कपभर किंवा जास्त रक्त पडले तर तो जिवाचा प्रश्न आहे. लगेच १०८ वर फोन करावा. ज्या बाजूला दुखणे आहे, त्या कुशीवर रुग्णाला निजवावे, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरत नाही. आबांचे दुखणे उजवीकडे, म्हणून त्यांनी उजव्या कुशीवर निजायचे, हे घरातल्या लहान पोरालाही पाठ होते. मोठ्या रुग्णालयात रक्तस्राव करणारी धमनी आतून बंद करण्याचा उपचार मिळतो. त्यामुळे नेताना वेळ दवडू नये.

खर्चाची वाट

वर्षभराचे औषध मजुराच्या घराला जड जाते, म्हणून संकोच न करता विचारावे. रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात. कोणता उपचार योजनेत बसतो, ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात; रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा. टीबी असल्याचे ठरले, तर निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम ५०० ऐवजी १००० रुपये झाली आहे.

आबांचे औषध बारा महिन्यांनी, २०२३ च्या जूनमध्ये थांबले. वजन ५३ झाले होते. पोकळी अजून आहे, ती कायमची राहणार आहे, पण भिंत पातळ झाली आणि रक्त थांबले. पूर्ण बरे होणे म्हणजे पूर्वीसारखे होणे, असे या दुखण्यात नसते. ते आता मळणीयंत्रावर जात नाहीत. सकाळी शेळ्या घेऊन बांधावर जातात, आणि दर सहा महिन्यांनी एक्सरे काढून येतात. दुखणे उलटले तर लवकर कळावे, एवढाच त्याचा हेतू.

आपल्या वस्तीत टीबी होऊन गेलेली माणसे कोण आहेत, हे आपल्याला माहीत असते. येत्या आठवड्यात त्यांतल्या एकाची विचारपूस करा. खोकला आहे का? वजन उतरले आहे का? आणि पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर एवढेच विचारा : या वेळी जंतू सापडला का?